भिमाजी हेड्याची मोटार

माझे सासरे भिमाजी हे हेडी होते, म्हणजे बैलांचे व्यापारी. घोडेगावच्या बाजारात त्यांनी उभी हयात घालवली आणि त्यांनी पारखलेला एकही बैल खोटा निघाला नाही, असं तेच सांगायचे. दुसऱ्या कुणाला सांगायची वेळच येऊ द्यायचे नाहीत.

मी त्यांना मामा म्हणायचे. मला बघायला ते नगरला आमच्या घरी आले, तेव्हा बाकीचे पाहुणे पोहे खात होते आणि हे माझ्या पायांकडं बघत होते. "जरा चालून दाव पोरी," म्हणाले. मी चालले. मनात म्हटलं, आता जबडा उघडायला लावतो की काय हा बाबा! तेवढं केलं नाही. उठताना माझ्या वडलांना म्हणाले, "पोरगी तिखट हाय, पर चालंल." आणि खरंच चाललं. मी तिखटच आहे, त्याला आता कोण काय करणार!

जेऊरला आमची वस्ती. घराला लागून गोठा, आणि गोठ्याच्या आढ्याला दाव्यांचे हे एवढे झुबके लोंबत असायचे. बैल विकला तरी त्याच्या गळ्यातलं दावं मामा कधी द्यायचे नाहीत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. दावं गेलं की दावणीची बरकत गेली, असं आमच्याकडं मानतात. कुठलं दावं कुठल्या बैलाचं, ते मामांना तोंडपाठ. जेवणानंतर सुपारी कातरत एकेका दाव्याची कथा सांगायचे. मी भांडी घासत ऐकायचे आणि जांभया द्यायचे.

कारण मला तिथं राहायचंच नव्हतं. सरळ सांगते, लपवायचं काय त्यात! मी नगरची. घरात नळ, कोपऱ्यावर शाळा, दिवे लागले की रस्ता उजळलेला, अशात वाढलेली. इथं विहिरीवरून पाणी आणि संध्याकाळ झाली की कंदील. माझ्या दोन मुली शाळेच्या वयाला येत होत्या. तशात आमच्या ह्यांना नगरजवळ नागापूरच्या एका नव्या कारखान्यात टर्नरचं काम लागलं. ह्यांचं नाव कानिफनाथ. आता बिनधास्त घेते, तेव्हा घेत नव्हते. कारखान्याच्या पाळीला येष्टी जुळायची नाही, म्हणून हे सायकलीवर जायचे. एकदा परत येताना शेंडी गावाजवळ पायडल मारता मारता डुलकी लागली आणि सायकलीसकट चारीत गेले. घरी आले ते कपाळाला फडकं बांधून.

मी त्याच दिवशी तोंड उघडलं. नगरात सावेडीला ओळखीनं दोन खोल्या मिळत होत्या. ह्यांना म्हटलं, "तुम्ही बोलता की मी बोलू?" हे कशाला बोलतात! ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही असं म्हणायची सोयच नव्हती, तिथं तीळ भिजून त्याला मोड यायचे. शेवटी आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाई रंगुबाईंच्या कानावर घातलं आणि त्यांनी जेवताना विषय काढला.

मामांचा घास हातातच राहिला. एकुलता एक मुलगा. घास ताटात ठेवून म्हणाले, "मोटार घिऊ."

आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला ठसका लागला आणि काहीतरी बरळला. अख्ख्या जेऊरात तेव्हा मोटारी अशा कितीशा! पण ते शांतपणे म्हणाले, "मोटारीनं कानिफ सकाळी जाईल आन सांजच्याला दावणीला येईल. खोल्या कशाला पायजेत? एक दिस जरी मोटारीनं दगा दिला आन पोरगं रस्त्यात अडकलं, तरी तुमी खुशाल खोल्या घ्या. मी आडवा येनार न्हाई. भिमाजीची बोली हाय ही."

आत्याबाईंनी विचारलं, "आन मोटार बघनार कोन?"

"बघनार मी," मामा म्हणाले. मग माझ्याकडं मान वळवून, "आन ही पुष्पी येईल संगं. तिच्या बापाची टॅक्सी हुती न्हवं."

माझे वडील गहिनीनाथ नगर स्टँडवरून शिर्डी-शिंगणापूरच्या ट्रिपा मारायचे. तेव्हा त्यांना वारून तीन वर्षं झाली होती. ह्यांना गाडी चालवायला त्यांनीच शिकवलेली. मी लहानपणापासून त्यांच्या गाडीच्या डिकीत फडकी धुऊन ठेवलेली, त्यामुळं दोन गोष्टी कानावर होत्या. पण बघा, कसा पेच! मोटार चांगली निघाली की मी जन्मभर कंदिलाच्या काचा पुसणार, आणि वाईट निघाली की मला सावेडी. आणि मोटार बघायला मलाच नेतायत! आत्याबाईसुद्धा हसल्या.

एकाहत्तर सालची संक्रांत नुकतीच झाली होती. नव्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, म्हणून जुनीच घ्यायची ठरली. सकाळच्या पहिल्या येष्टीनं आम्ही नगरला उतरलो. मामा धोतर-पटका, खांद्यावर उपरणं. मी डोक्यावरून पदर घेऊन दोन पावलं मागं. आधी एक फियाट बघितली. गाडी गोजिरवाणी, नाकीडोळी नीटस. पण मामा मागं बसले, मी शेजारी बसले, आणि आता आत्याबाई, दोन पोरी आणि बाजरीचं पोतं कुठं बसणार, हे दोघांनाही सुचेना. शिवाय आमच्या वस्तीची वाट म्हणजे नुसते दगड. उंच, ऐसपैस गाडी पाहिजे. ॲम्बॅसिडरच.

अशा दोन ॲम्बॅसिडर विकायच्या होत्या. पहिली होती भिस्तबागेकडं एका म्हाताऱ्या वकीलसाहेबांची. राखाडी रंगाची, एका बाजूला पोचा आलेली. वकीलसाहेबांना हल्ली नीट दिसायचं नाही, म्हणून विकत होते. मामांनी गाडीला एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं, मग बॉनेटवर पालथा हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"गारठून गेलीया," माझ्याकडं बघून हळूच म्हणाले. "कान गार पडलेलं जनावर घिऊ न्हाई. आजारी हाय."

वकीलसाहेब म्हणाले, "सुरू करून दाखवू का?" त्यांनी सेल्फ मारला, गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि संथ आवाजात चालू राहिली. मी कान देऊन ऐकलं. माझ्या वडलांची गाडी अशी बोलायची. पण मामा फाटकाबाहेर पोचलेसुद्धा होते. मी वकीलसाहेबांना नमस्कार केला आणि मुकाट मागोमाग गेले. मला काय!

दुसरी गाडी मार्केट यार्डाजवळच्या एका व्यापाऱ्याची. काय तिचा थाट वर्णावा! मेंदीसारखा लालसर रंग, अंगाला तेल लावल्यासारखी चकाकत होती, आत गादीवर नवीन कापड. पत्र्याच्या शेडखाली सावलीत उभी. व्यापाऱ्यानं आल्या आल्या खुर्ची दिली. "कालपासून हलवलीच नाही बघा. म्हटलं, तुम्ही यायचे, तोवर उभी राहू दे."

मामांनी बॉनेटवर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा खुलला. "अंगात धग हाय! ह्याला म्हंत्यात जनावर!"

व्यापाऱ्यानं सेल्फ मारला, गाडी लगेच सुरू. मामांनी मान डोलावली, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि स्वतःच्या उजव्या हातावर पसरून हात पुढं केला. बैलबाजारात असाच सौदा होतो. उपरण्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा, बाहेरच्याला काही कळत नाही, आणि एकदा बोटं सुटली की शब्द झाला. मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही. व्यापारीही तशातला जाणकार निघाला. हसत हसत त्यानं उपरण्याखाली हात घातला.

वडील म्हणायचे, जुनी गाडी घ्यायची तर ती सकाळी गार असताना सुरू करून बघायची. विकणारा आधीच फिरवून गरम करून ठेवतो, कारण गरम गाडी कशीही सुरू होते. कालपासून हलवली नाही म्हणतो, मग सावलीत उभ्या गाडीला संक्रांतीच्या थंडीत ही धग आली कुठून? मेला खोटं बोलत होता! आणि मला फक्त गप्प राहायचं होतं. आठ दिवसांत गाडी रस्त्यात बसली असती आणि बोलीप्रमाणं माझा संसार सावेडीला हलला असता. नळासकट.

पण तो व्यापारी ज्या तऱ्हेनं हसत होता ना, ते मला सहन होईना. माझ्या सासऱ्याला मी मनात हजार नावं ठेवीन, तो माझा हक्क आहे. यार्डातल्या कुणी लुंग्यासुंग्यानं त्यांना गंडवायचं म्हणजे काय? बाहेरच्या माणसांपुढं सुनेनं सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. मी बोलले.

"मामा, हात काढा."

ते चमकले. व्यापारीही चमकला. मामांनी हात काढला नाही, पण बोटं थांबली.

"गाडी गार होऊ द्या, मग सुरू करून बघू," मी म्हटलं. "आम्हाला घाई नाही."

व्यापारी गडबडला. "अहो बाई, आत्ता सुरू झाली की तुमच्यासमोर!"

"कालपासून उभी होती ना? मग तापली कशानं?"

"उन्हानं," तो म्हणाला, मग वर पत्रा बघून चाचरला. मामांनी उपरण्यातून हात काढून घेतला, घडी घातली आणि खुर्चीत बसले. त्यांना बैलाचं कळत होतं, आणि माणूस चाचरला की काय समजायचं तेही कळत होतं. दोनदा चहा झाला. व्यापारी सारखी आत-बाहेर ये-जा करत होता. बॉनेट पार गार पडल्यावर मामा म्हणाले, "आता मारा सेल्फ."

गाडी खोकली, कण्हली आणि बसली. परत तेच. मग शेडमधले दोन हमाल ढकलायला आले. ते ढकलत असतानाच मामा उठले. "ढकलायची वस्तू आमच्या घरी हाय एक, दगडाचा रूळ," एवढंच त्याला म्हणाले आणि चालू पडले.

रस्त्यात चालता चालता, मागं न बघता म्हणाले, "पुष्पे, तू गप ऱ्हायली असती तर तुझ्या खोल्या झाल्या हुत्या."

"व्हय, झाल्या असत्या."

"मग?"

"तुम्हाला कुणी फसवलेलं मला खपणार नाही," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. वाटेवरचा एक माणूस वळून बघायला लागला.

मामा थेट वकीलसाहेबांच्या दारात गेले आणि उपरण्याखाली हात पुढं केला. वकीलसाहेबांना वाटलं, म्हाताऱ्याच्या हाताला लागलंय. ते "काय झालं?" म्हणून उपरणं उचलायला लागले! मला हसू आवरेना. शेवटी सौदा उघडउघड तोंडानं करावा लागला. मामा लाजून अर्धे झाले होते.

संध्याकाळी कामावरून सुटून हे आले आणि राखाडी गाडी चालवत आम्हाला घरी घेऊन गेले. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, बॉनेटला हळदकुंकू लावलं. मामांनी एक नवंकोरं दावं आणलं, बंपरला गाठ मारली आणि दुसरं टोक बैलांशेजारच्या खुंट्याला बांधलं. आम्ही हसलो तर म्हणाले, "हसा. बांधल्याबिगर जनावर घरचं व्हत न्हाई."

आणि ती गाडी काय गुणाची निघाली! थंडी असो, धूळ असो, सकाळी पहिल्या सेल्फला सुरू. हे वेळेवर जायचे, वेळेवर यायचे. एक दिवस म्हणून तिनं दगा दिला नाही. मी मात्र कंदिलाच्या काचा पुसत होते. कधी कधी गाडीकडं रागानं बघायचे. एवढं चांगलं असायची काय गरज होती गं तुला?

गुढीपाडव्याला सकाळी गुढी उभारून झाली आणि मामांनी मला हाक मारली. खुंट्यापाशी उभे होते. म्हणाले, "त्या सावेडीच्या खोल्या अजून हायेत का बघ."

मी बघतच राहिले. "पण मामा, गाडीनं कुठं दगा दिला?"

"दिला न्हाई, म्हनूनच सांगतो. ती लाल गाडी आनली असती तर मी तुमाला जाऊ दिलं नसतं. बोली मोडली असती, पर जाऊ दिलं नसतं. खोट्या गाडीनं गेलेलं मानूस परत कसं यायचं? ही येती. ही रोज येती, बघतोय मी." मग खाली वाकून दाव्याची गाठ सोडायला लागले. "पोरींना शाळा पायजे. जा."

मला रडू फुटलं. ज्यासाठी एवढी भांडले ते हातात पडलं, आणि मी पदर तोंडाला लावून हुंदके देतेय! आत्याबाई म्हणाल्या, "आगं, आता जायचंय तर रडती का?" त्यांचेही डोळे भरले होते.

खोल्या मिळाल्या. वैशाखात आम्ही सामान गाडीत भरलं. मी मामांना म्हटलं, "ते दावं द्या की, गाडीचं आहे."

"दावं देत न्हाईत," ते म्हणाले आणि गुंडाळून हातात धरलं.

आठवडाभर नळाचं पाणी भरलं, दिव्याखाली बसून जेवले, सगळं मनासारखं होतं. रविवारी सकाळी मी ह्यांना चहासुद्धा नीट पिऊ दिला नाही. गाडी वस्तीवर वळली तेव्हा मामा खुंट्यापाशीच उभे होते, हातात ते दावं. कधीपासून उभे होते कोण जाणे. आधी बंपरला गाठ मारली, मग बॉनेटवर पालथा हात ठेवला.

"गरम हाय," आत्याबाईंना मोठ्यानं ओरडून म्हणाले. "आली पोरं."