घंटा निवेपर्यंत

पुरसोमामा जमिनीशी बोलत. डिचोलीत आमच्या शेजारी त्यांच्या घराण्याची घंटा ओतायची भट्टी होती, चार पिढ्यांची. काशाचा रस ओतला की साचा अंगणातल्या खड्ड्यात तीन दिवस पुरलेलाच ठेवायचा आणि घरातल्या कुणीतरी तिथे बसून राहायचं, ही त्यांची रीत. “निवपी घांटेक एकटी सोडूंक जायना,” ते म्हणत. पूर्वी बाप, चुलते, भाऊ आळीपाळीने बसत. मी पाहिलं तेव्हा ते एकटेच बसलेले असत, मातीला गावच्या बातम्या सांगत.

माझे वडील पाळी गावच्या खाणीवर मजूर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी चारचौघांत सांगते. मामांनाही त्याचं कौतुक. “शिकल्यां न्ही गो बाय? मग आमचें घराणें बरय.” मग त्यांच्या घराण्याची हकिकत लिहायला मी वही घेऊन बसे. सालं त्यांना ठाऊक नव्हती. “पणज्याची मयेंच्या देवळाची घांट, आज्याची सांखळेच्या. बापायची एक फुटकी आसा, ती वहींत बरोवं नाका.”

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. लाटंबार्सेच्या देवळाची घंटा ओतायचं काम मामांकडे आलं, आणि तिच्यावर नाव कोकणीत घालायचं की मराठीत, यावरून देवळाच्या कमिटीत जुंपली. मामा म्हणाले, “खंयच्याय भाशेंत घालात, आवाज काशाचोच येतलो!” शेवटी नावच पडलं नाही.

भाता मारायला बेळगावकडचे दोन मजूर आणून शुक्रवारी ओतकाम झालं. रविवारी सकाळी निरोप आला: दिगू दुपारी येतोय, संध्याकाळच्या बसने परत. दिगू हा त्यांचा एकुलता मुलगा, तुयेच्या कारखान्यात होता. तुये काही परदेश नव्हे. पण भट्टी सोडल्यापासून दोन वर्षं त्याने उंबरा शिवला नव्हता.

मामांनी कुदळ उचलली.

“मामा, आजून एक दीस आसा!”

“ताका दाखोवंक जाय गो.”

त्यांनी माती उपसली, साचा फोडला. घंटा देखणी उतरली होती. आत अजून धग होती. बाहेरचा वारा लागला आणि बारीकसा ‘टक्’ आवाज झाला. काठापासून वर केसाएवढी चीर गेली.

दिगू आला. घंटेभोवती फिरला, चिरेपाशी थांबला. “बाबा, इतली घाई कित्याक केली?”

“चा घे. उंडे गरम आसात,” मामा म्हणाले.

त्याने पावाचा एक उंडा खाल्ला आणि बस गाठली.

मला राग आवरेना. “चार पिढ्यांचं नाव, मामा!”

फुटलेल्या साच्याची माती ते टोपलीत भरत होते. “घांट परत ओतूं येता, बाय. तो परत केन्ना येतलो?”

कमिटीने बाहेरून तयार घंटा आणली. मामांनी पुन्हा भट्टी पेटवली नाही. वर्षाच्या आत ते गेले.

बाराव्याला दिगूने मला बाजूला घेऊन विचारलं, “बाबा असे कधी चुकत नसत. त्या दिवशी घाई का केली, तुला काही बोलले?”

मी तोंडावर खरं बोलणारी म्हणून गावात बदनाम आहे. पण त्याला म्हटलं, “वय झालं होतं रे त्यांचं.”