बाईंचा दादरा

"टाळी कुणी वाजवली? पुन्हा वाजली तर आम्ही उठून जाऊ."

मंडळी, आपल्याच कार्यक्रमाच्या पाहुण्यांना असा दम देणारी संगीतशिक्षिका तुम्ही पाहिली आहे? मी पाहिली. इंदिरानगरला दिव्यांगांच्या प्रशिक्षण केंद्राचं स्नेहसंमेलन होतं आणि सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. आवाजात मध आणि डोळ्यांत बेताचं पाणी आणून मी सुरुवात केली होती, "आता ही देवाघरची फुलं..." तोच पेटीमागून बाई कडाडल्या, "फुलं कुठली? समोर बसलेली ती कल्पना तीस वर्षांची आहे. तबल्यावर दादरा वाजवणार आहे. तेवढं सांगा आणि बसा."

मी बसलो. दादरा सुरू झाला, मध्येच एका पाहुण्याने कौतुकाने टाळी वाजवली आणि मग तो दम मिळाला. म्हणाल तर माझा अपमान झाला होता. खरं सांगतो, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. पुढे मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या वर्गात जाऊन बसू लागलो. "आलात? घरी कुणी विचारत नाही वाटतं," असं माझं स्वागत व्हायचं.

केंद्राच्या पाटीवर 'संगीत वर्ग' असं लिहिलं होतं, पण बाईंचं सगळं लक्ष शिकणाऱ्यांना नोकरी लागण्यावर. वेळेवर सुरू करायचं. दुसऱ्याची पाळी असली की हात मांडीवर. चुकलं तर रडायचं नाही, पुढच्या समेला परत यायचं. कळलं नाही तर विचारायचं. ताल रंगात आला की बाई मुद्दाम स्टीलचं ताट खाली आपटायच्या, कुणाच्या तरी नावाने खेकसायच्या. जो थांबला त्याला आणखी बोलणी.

एक आई कळवळून म्हणाली, "बाई, जरा प्रेमाने घ्या ना."

"प्रेम घरी करा. कारखान्यात कोण करणार आहे?"

एके दिवशी मलाच हुकूम सुटला. "सातपूरला तुमचा शाळासोबती पाकिटं भरायचं वर्कशॉप चालवतो ना? कल्पनाला घ्यायला सांगा. उपकार म्हणून घेणार असेल तर नको."

कल्पना चांदवडकडची. समजायला तिला वेळ लागायचा, पण एकदा समजलेलं सुटायचं नाही. घरचे म्हणत, हिला कोण ठेवतंय कामाला? वर्कशॉपमध्ये नळाच्या सामानाची पाकिटं भरायची होती. बाईंनी ते काम दादऱ्याच्या सहा मात्रांत बसवलं. धा धिं ना, वॉशर, नट, रबरी रिंग. चौथी मात्रा खालीची. ताल हातावर धरताना त्या मात्रेला टाळी न देता रिकामा हात हवेत हलवतात. कल्पनानेही हात हलवायचा आणि पाकिटात बघायचं. उरलेल्या दोन मात्रांत पाकीट बंद करून पुढे ढकलायचं. एक पाकीट चुकेना.

चाचणीवर घेतलं, आणि दोनच दिवसांनी मित्राचा फोन. "अरे, पाकिटं चुकताहेत. सुपरवायझर म्हणतो, उद्यापासून नको."

बाईंना रिक्षात घालून मी सातपूर गाठलं. सुपरवायझर दारातच उभा होता.

"मॅडम, दर पाकिटाला हवेत हात हलवते ती. बाकीच्या बायका खिदळतात. हात हलवणं बंद करायला लावलं, तर आता पाकिटात रिंगच नसते. ही कंपनी आहे, गाण्याचा क्लास नाही."

मला वाटलं, आता बाई याला सोलून काढणार. मी अगदी पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकासारखा सरसावलो. बाई त्याच्याकडे न बघता तडक कल्पनापुढे गेल्या.

"तोंड आहे ना तुला? यांना सांगितलंस का?"

कल्पनाचे डोळे भरले होते. "ते लय वरडले."

"मी काय ओव्या गाते? मी ओरडल्यावर काय करायचं?"

"काम चालू ठेवायचं."

"आणि?"

"नाय कळलं तर इचारायचं."

"मग विचार. मी बोलणार नाही. मी नोकरीला नाही इथे."

कल्पनाने पदराने नाक पुसलं आणि सुपरवायझरकडे मान वर केली. "साहेब, हात नाय हलवला तर आत बघायचं राहतं. हलवू का?"

सुपरवायझर घुटमळला. "हलव. पण हळू."

"हळू नाय जमायचं. दादऱ्यात हाय तो."

"कर काय करायचं ते! पण पाकीट चुकलं तर घरी."

परतताना रिक्षात बाई खूश. "चांगला माणूस आहे. खोटं गोड बोलला नाही." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही काय हसताय? तुम्ही त्याच्याकडून शिका."

कल्पना कायम झाली. सुट्टीच्या दिवशी नवी साडी नेसून वर्गात आली, तर बाईंनी उंबऱ्यावरूनच परतवलं. "इथे नोकरी नसलेले बसतात. जा, बाजारात जा, सिनेमा बघ." ती गेल्यावर मात्र खिडकीशी बराच वेळ उभ्या होत्या. मी काही बोलणार, तेवढ्यात म्हणाल्या, "गप्प बसा."

पुढे बाई आजारी पडल्या. वर्गावर एक तरुण सर आले. गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या.

कल्पनाला सांगायला मी जेवणाच्या सुट्टीत सातपूरला गेलो. फाटकाबाहेरच्या चहाच्या गाडीशी, शब्द जुळवत, जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं. ती रडली. मग डोळे कोरडे करून विचारलं, "मंग आता क्लासात कोण वरडतं?"

"नवे सर आहेत ना. स्वभावाने फार प्रेमळ. कुणावर आवाजसुद्धा चढवत नाहीत."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी बिघडवून ठेवलं होतं.

"मंग त्या पोरींना नोकरी कशी लागायची?"