सुधाकरच्या हातावरचं लॅटिन

सुधाकर गेल्याचं त्याच्या मुलीनं, प्रज्ञानं, फोनवर कळवलं तेव्हा मी शाळेत वर्गावर होतो. दीड महिन्यानं तिचा पुन्हा फोन आला. "काका, बाबाच्या हातावरचं आईचं वाक्य मले माझ्या हातावर गोंदून घ्याचं आहे. लॅटिन तुमीच लिहून दिलं होतं ना?" मी "हो" म्हणालो.

सुधाकर आणि मी एकोडी गावचे, शाळेत एका बाकावरचे. तो शेतीत राहिला, मी विज्ञानाचा मास्तर झालो. त्याची बायको मंदा रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मजुरीला निघताना बजावायची, "जेवून घ्याल, माही वाट पाहू नका." हा मात्र उपाशी थांबायचा. एका पावसाळ्यात ती तापानं चार दिवसांत गेली. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, गोंदणारा आला, तसा सुधाकर माझ्या अंगणात हजर. "मास्तर, तिचं ते वाक्य लॅटिनमंदी लिहून दे."

"लॅटिन कायले बे?"

"मराठीत गोंदलं त कोणीबी वाचन अन् हासन. तुले येते ना? झाडाईचे नावं त धडाधड सांगतं!"

येत नव्हतं. झाडांची नावं तेवढी पाठ होती. नाही म्हणायला काय लागत होतं... पण अंगणात चार माणसं बसली होती, आणि तो माझ्याकडे केवढ्या विश्वासानं पाहत होता. मी कागदावर पळसाचं शास्त्रीय नाव लिहिलं, ब्युटिया मोनोस्पर्मा. तेच त्यानं मनगटावर गोंदून घेतलं. नंतर कितीदा भेटलो, एका ताटात जेवलो, पण हातावरचं आता थोडंच पुसलं जाणार, अशी स्वतःची समजूत घालून मी गप्प राहिलो. वीस वर्षं.

प्रज्ञाला मात्र त्या फोनवरच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा जेवाले बसले का त्या गोंदनावर हात ठेवत. 'जेवून राहिलो वं' म्हनत, मंगच पहिला घास घेत."

पुढं तीच म्हणाली,

"त्यायले नाही सांगितलं, बरं केलं काका. पण मलेबी सांगितलं नसतं त मीबी पळसच गोंदून घेतला असता." नाक ओढल्याचा आवाज आला. "आता मराठीतच लिहून पाठवा. ज्याले वाचाचं आहे त्यानं वाचावं."

मी कागद घेतला. साधी एक ओळ. यावेळी तिच्यातलं प्रत्येक अक्षर मला येत होतं.