सुतारकाकांच्या घरातला महाल

पन्नास वर्षं रंगमंचावर मी नाना सोंगं काढली. पण बोलता बोलता एका चालत्याबोलत्या माणसाला भूमिका देऊन बसेन, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आमच्या कंपनीत सेट उभारणारे सुतारकाका होते. नाटक बंद झालं की सेट थिएटरमागच्या मैदानात जाळायचा, ही कंपनीची रीत. काडी काकांनीच लावायची. वीस वर्षांत त्यांना त्याचं काही वाटलं नाही. एकदा एक बातमीदार आला आणि विचारू लागला, तुमची कंपनी पर्यावरणासाठी काय करते? मला काही सुचेना. समोर काका फळी तासत होते. त्यांच्याकडे बोट दाखवून मी सांगून टाकलं, की हे आमचे काका लाकडाची ढलपीसुद्धा वाया जाऊ देत नाहीत.

फोटोसकट छापून आलं. शेजारीपाजारी काकांचं कौतुक करून गेले, त्यांच्या नातीने कात्रण शाळेत मिरवलं. पुढे आमचं राजा-राणीचं नाटक बंद झालं आणि काकांनी काडी लावायला चक्क नकार दिला. मालकांनी बजावलं, शुक्रवारपर्यंत सेट जाळून गोदाम रिकामं करा, नाहीतर घरी बसा.

समजूत घालायला मी त्यांच्या घरी गेले आणि दारातच थिजले. दोन खोल्यांत अर्धा महाल घुसला होता. भिंतीला खांब टेकवलेले, सिंहासनावर गाद्यांची चळत, आणि कमानीखाली काकू भाजी चिरत बसलेल्या.

"या महाराणी," त्या म्हणाल्या, "राज्य तुमचंच आहे. आम्ही पाय कुठे ठेवायचा, तेवढं सांगा."

काका वाकडे खिळे सरळ करत होते. मला राहवेना.

"काका, मी त्या बातमीदाराला थाप मारली होती हो. त्यापायी नोकरी घालवू नका."

"ते मला ठाऊक नाही का? जाळणारा मीच होतो." त्यांनी मान वर केली नाही. "पण वाचलं तेव्हा वाटलं, हा पेपरातला माणूस बरा आहे. आता काडी हातात घेतली की त्याच्यासमोर लाज वाटते, बाई."



शुक्रवारी काका गोदामाच्या किल्ल्या मालकांच्या टेबलावर ठेवून निघून गेले. उरलेला महाल नव्या सुताराने पेटवला. धूर मेकअपच्या खोलीत शिरला. मी रंग लावून बसले होते. तिसरी घंटा झाली, तरी मला उठता येईना.