पप्पांच्या सीड्यांची कव्हरं

पप्पांना झटका आला त्यात उजवा हात गेला, बोलणं गेलं आणि वाचणंही गेलं. वाचण्याचं आम्हाला उशिरा कळलं, कारण पेपर ते रोज हातात धरायचे. एक दिवस चुकून आदल्या दिवशीचाच पेपर त्यांना दिला गेला. तोही त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटला, तक्रार नाही. शिळा पेपर दिला म्हणून पूर्वी याच माणसानं घर डोक्यावर घेतलं असतं.

बोलण्यातला एकच शब्द शिल्लक राहिला: चला. चहा हवा, चला. पंखा बंद करा, चला. सोसायटीतले कुणी भेटायला आले की त्यांनाही चला. ते बिचारे बसल्याबसल्या चप्पल शोधायला लागायचे. "अहो, बसा बसा, ते 'या' म्हणतायत," असं आईला दर वेळी सांगावं लागे.

निगडीचं घर बंद करून दोघं माझ्याकडे पिंपळे सौदागरला राहायला आली. येताना आईनं तिची लोखंडी पेटी आणली आणि पप्पांसाठी जुना डीव्हीडी प्लेअर आणि सीड्या. पप्पा पिंपरीत एका कंपनीत फिटर होते आणि कंपनीबाहेर गायक. त्यांची गायन पार्टी होती. ढोलकीवाला, पेटीवाला, मागं कोरस धरणारे दोघं, सगळे कामगार. जयंतीच्या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. पहिली पाळी संपवून घरी यायचं, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा आणि संध्याकाळी कुठल्यातरी वस्तीतल्या विहारासमोर गायचं. साउंडवाला कधीकधी रेकॉर्डिंग करून सीडी द्यायचा. निवृत्तीनंतर पप्पांची दुपार त्या सीड्यांवरच जायची.

झटक्यानंतर ते कपाटाकडे डावा हात करून म्हणायचे, "चला." आम्ही हाताला येईल ती सीडी लावायचो. दोन मिनिटं ऐकायचे, मग "चला! चला!" म्हणजे ही नको. दुसरी लावली तरी तेच. एकदा रिमोट भिंतीवर गेला. त्यांना एक ठरावीक काहीतरी ऐकायचं होतं आणि ते काय, हे घरात कुणालाच कळत नव्हतं. माझा भाऊ ताथवड्याच्या एका कॉलेजात लॅबमध्ये आहे. त्यानं सगळी गाणी पेनड्राइव्हवर घेतली, टीव्हीला लावली आणि म्हणाला, "ताई, मिटलं बघ. कुठल्या जमान्यात आहात तुम्ही?" पडद्यावर इंग्रजी अक्षरांची रांग आली. पप्पांनी त्या रांगेकडे बघितलं आणि मान खिडकीकडे फिरवली.

नंतर त्यांनी कपाटाकडे हात करणंच सोडलं. आई म्हणाली, "इसरले असतील." भाऊ म्हणाला, डॉक्टरांनी सांगितलंच होतं, त्यांना काय हवंय ते त्यांनाच कळत नसेल. मला त्याचा संताप आला. आणि खरं सांगायचं तर भीती वाटली. रिमोट फेकणारा माणूस निदान घरात होता. हा जो खिडकीपाशी गुपचूप बसून होता, तो कुठं निघाला होता कोण जाणे.

मी चाकणला एका कंपनीत पॅकिंग-डिस्पॅचला आहे. आमच्याकडे खोक्यात काय आहे हे उघडून कुणी बघत नाही. लेबल बघतात आणि उचलतात. लेबल चुकलं की खोका परत, आणि शिव्या मला. पप्पांच्या सीड्या बघितल्या तर बहुतेक पांढऱ्या कागदी पाकिटात, वर साउंडवाल्यानं पेनानं केलेली खरड. ज्याला अक्षर लागत नाही त्यानं यातून निवडायचं तरी कसं? ठरवलं, प्रत्येक सीडीला डबी आणि प्रत्येक डबीला कव्हर, घरच्या घरी. लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टांसाठी घेतलेला प्रिंटर होताच. रिकाम्या डब्या पिंपरी कॅम्पात एका दुकानदारानं पोटमाळ्यावरून काढून दिल्या. कुणीतरी त्या मागतंय याचंच त्याला नवल.

पहिलं कव्हर भावानं मोबाइलवर बनवून पाठवलं. निळी पार्श्वभूमी, मध्यभागी तो फोटो, जो आमच्या प्रत्येक घरात दर्शनी भिंतीवर असतो, आणि खाली कोपऱ्यात माइक धरलेले पप्पा. सुरेख होतं. तेच सगळ्यांना लावायचं, फक्त गावाचं नाव बदलायचं. मी छापायला बसले. पहिला कागद बाहेर आला तो डबीपेक्षा लहान, कारण 'पानात बसवून छापा' या खुणेवर प्रिंटरनं आपली अक्कल चालवली होती. ती खूण काढली. मग चकचकीत कागद आणला, तर शाई वाळेना, बोटाला निळी लागायची. जाड कागद आणला तो आत अडकला. शेवटी मधला मिळाला. घडी सरळ यावी म्हणून संपलेल्या रिफिलनं आधी रेघ ओढायची आणि मग पट्टी धरून ब्लेडनं कापायचं, एवढं मला जमायला लागलं तेवढ्यात निळी शाई संपली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लोकांची काळी संपते."

नवी शाई आणली, सगळी कव्हरं पुरी केली आणि टीपॉयवर मांडून पप्पांना बोलावलं. पप्पांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. मग डावा हात छातीशी नेऊन त्या फोटोला नमस्कार केला आणि परत खिडकीकडे गेले.

मी तिथंच बसून राहिले. सगळ्या डब्या एकसारख्या. निळं, तो फोटो, पप्पा. निळं, तो फोटो, पप्पा. फरक होता तो फक्त अक्षरांत. लेबलांवर पोट भरणारी बाई मी, आणि घरातल्या सगळ्या खोक्यांना एकच लेबल डकवून मोकळी झाले होते.

आता तो फोटो काढायचा म्हटल्यावर भाऊ खवळला. "पार्टीची सीडी आणि त्यावर साहेबांचा फोटो नाही? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक येतात कधी बघायला? फोनवर आमची चांगलीच जुंपली. आई लसूण सोलत ऐकत होती. ती म्हणाली, "आत लाव की. डबी पारदर्शक हाय ना? कागदाच्या आतल्या अंगानं छाप. डबी उघडली की आधी तेच दिसतील." भाऊ कबूल झाला. मीही.

बाहेर काय लावायचं, तेही आईमुळंच ठरलं. ती एकेक सीडी ऐकून सांगायला लागली. ही ढोलकीची वादी तुटली त्या दिवशीची, ढोलकीवाल्यानं अर्धा कार्यक्रम खुर्चीवर ताल धरला. ही पेटीवाला रुसला होता ती, ऐक, पेटीच न्हाई सुरुवातीला. ही कोरसवाल्याच्या लेकाचं बारसं त्याच दिवशी होतं ती, बघ कसा घाईघाईनं गातोय. म्हटलं, पप्पांनाही हे असंच लक्षात असणार, गावानं आणि गाण्याच्या नावानं नाही. मग ढोलकीवाल्याला फोन केला, पेटीवाल्याच्या मुलाकडून फोटो मागवला, पार्टीच्या जुन्या फोटोतून एकेक चेहरा कापून मोठा केला. एका डबीवर एकच चेहरा, मोठा, बाकी कागद कोरा.

रविवारी सकाळी त्या डब्या पलंगावर मांडल्या. पप्पा बसले. पहिली डबी डाव्या हातात घेतली, ढोलकीवाल्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि चक्क हसले. झटक्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते. मग ती बाजूला ठेवली. पेटीवाल्याची घेतली, आईकडे बघून तोंड वाकडं करून दाखवलं, रुसल्याचं, आणि बाजूला ठेवली. बारशाची घेतली, हाताचा पाळणा हलवून दाखवला, बाजूला. एकही चुकली नाही. एकही लावायला दिली नाही. शेवटची ठेवल्यावर पलंगाच्या रिकाम्या जागेवर हात फिरवला, माझ्याकडे बघितलं आणि हळू म्हणाले, "चला."

मला कळलं. त्यांना हवी होती ती यांत नव्हतीच. इतके दिवस आम्ही ज्याला विसरणं म्हणत होतो, ते विसरणं नव्हतं. त्यांना पक्कं ठाऊक होतं काय हवंय आणि आम्ही त्यांना दुसरंच देत होतो. माझे डोळे भरून आले, आणि रागही आला, कुणावर ते मला सांगता येणार नाही.

आई उठली. आपली लोखंडी पेटी उघडून साड्यांच्या तळातून एक कागदी पाकीट काढून आणलं. कुणाकडेही न बघता मला म्हणाली, "ही असंल."

"ही तुझ्या पेटीत कशी?"

"मीच ठिवली. ह्यांच्या आजाराच्या आधीपासून. येईल त्या पाव्हण्याला ऐकवायचे आन हसायचे. नंतर म्हणलं, कुणी इचारीना, तर कशाला काढा."

सीडी लावली. आधी साउंडवाल्याचं हॅलो हॅलो, मग निवेदकाचा आवाज: आज आपल्या गायकांना कंपनीनं ओव्हरटाइमला थांबवून घेतलं आहे, तेव्हा पहिलं गीत त्यांच्या मंडळी सादर करतील. टाळ्या. आणि माझी आई गायला लागली. माझी आई, जिला मी भांडी घासताना गुणगुणण्यापलीकडे कधी ऐकलं नव्हतं. आवाज पातळ, थोडा थरथरता, पण सुरात. गाणं पार्टीतल्याच कुणीतरी रचलेलं. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्याला ती एका ओळीपाशी आली आणि अडकली. ढोलकी एकटीच वाजत राहिली, कोरसवाले वाट बघत, समोरून कुणाचंतरी हसणं.

आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. "बास झालं, बंद कर," म्हणाली.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. घोगरा, पण शब्दनशब्द पुरा:

"उंबऱ्याशी उजेड आला, आता निजायचं न्हाई."

बरोबर तालात, बरोबर त्या मोकळ्या जागेत. सीडीतल्या कोरसनं ओळ उचलली आणि आईचा आवाज पुढं निघाला. पप्पा तिच्याबरोबर शेवटपर्यंत गायले. गाणं संपल्यावर मी धावत जाऊन त्यांचा हात धरला, म्हटलं, पप्पा, बोला, अजून बोला. ते म्हणाले, "चला."

व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी नंतर समजावलं की असं होतं. बोलणं जातं तरी पाठ झालेलं गाणं राहू शकतं, त्यावर फार आशा बांधू नका. मी बांधत नाही. आईनं मात्र त्या दिवशी पदर खाली घेतला, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तवा कुठं होता? तवा सांगायची होती की वळ!" पप्पा पोट धरून हसले. म्हणजे एवढंच ऐकायचं होतं त्यांना. इतक्या महिन्यांत घरात त्यांची चेष्टा करायचंही सगळ्यांनी सोडलं होतं.

त्या सीडीलाही कव्हर हवं होतं. आईचा माइक घेतलेला फोटो नाही, तेव्हा कुणी काढलाच नाही. "माझा कशाला? मी काय गाणारी हाय?" असं तासभर चाललं. शेवटी तिनंच निवडला, आधारकार्डासाठी काढलेला, कपाळाला आठ्या असलेला. आणि वर मला सांगितलं, "बाजूला ह्यांचा लाव. कंपनीच्या ड्रेसातला. त्या दिवशी तिथंच होते ना." भावानं विचारलं, आतला फोटो? तो आत आहे.

आता ती डबी रांगेत सगळ्यात पुढं असते. आई तिला रोज मागं सरकवते. पप्पा ती रोज पुढं काढतात आणि आईच्या हातात देतात, म्हणतात, "चला." आणि ती लावते.