दोन प्रतींची साक्ष

अन्याय झाला तो जानकीवर, आणि नागोठण्याच्या पुढे नदीकाठी असलेल्या तिच्या सबंध कातकरी वाडीवर. झाला तो होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, जमिनीच्या सुनावणीत, जेवणाची सुट्टी संपून साहेब खुर्चीवर टेकले त्यानंतर लगेच. एवढं आम्ही संघटनेच्या पत्रकात छापलं आणि पेणपासून रोह्यापर्यंत वाटलं. पत्रकात एक बाई मात्र राहून गेली. त्या बाईंबद्दल आज लिहिते.

सगळे त्यांना वहिनी म्हणत. माहेर गडबचं, भातशेतीचं. सासर रोह्याला लागून वरसे गावात. मागच्या खोलीत गेल्या की आधी एका काळ्या पेटीवर तळवा ठेवायच्या आणि विचारायच्या, "हायस ना रे?"

पेटी म्हणजे त्यांचा घरचा सर्व्हर. जुना कॉम्प्युटर, आत दोन मोठ्या डिस्क. तळव्याला आतली घरघर लागली की वहिनी मान हलवायच्या आणि मग खोलीतला दिवा लावायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर कधी आलं नाही.

वहिनींचे मिस्टर लग्नांचं शूटिंग करायचे, वहिनी एडिटिंग करायच्या. मिस्टर गेल्यावर कॅमेरा विकला, शूटिंग मात्र सगळं पेटीत ठेवलं. आमच्याकडे हळदीच्या शूटिंगचा एक नियम होता, शहरातल्या वाचकांना तो ठाऊक नसेल. नवरी नंतर, आधी दारं. आळीतल्या, वाडीतल्या प्रत्येक घराचं दार व्हिडिओत यायलाच हवं. एखादं राहिलं तर त्या घरचं माणूस जेवायला यायचं नाही, वर वर्षभर टोमणे. त्यामुळे प्रत्येक व्हिडिओत कॅमेऱ्यामागून मिस्टरांचा आवाज असे, "सरका जरा, दार दिसू दे!"

जमीन घ्यायला टपलेल्या पार्टीचं म्हणणं होतं की ही वाडी इथे नव्हतीच, माणसं वीटभट्टीवरून येऊन काल-परवा बसली. वाडीकडे ना घरपट्टी, ना सातबाऱ्यावर नाव. पण जानकीची हळद याच मिस्टरांनी काढली होती. कोपऱ्यात तारीख, ओळीने दारं, मागे नदी. म्हणून जानकीला घेऊन मी वरशाला गेले.

वहिनींनी व्हिडिओ लावला. अंगणात गर्दी होती. आणि मग, कुणी काहीही न बोलता, सगळी गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. एक म्हातारा तर मागे वळून, आवाज आलेल्या दिशेला बघून हसला. आवाज आलाच नव्हता. त्यानंतर दारं दिसायला हवी होती, तिथे नुसता राखाडी पडदा.

वहिनींचा हात माऊसवर तसाच राहिला. "इथं यांचा आवाज होता," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या डिस्कवरची प्रत लावली. इथे आवाज होता. "सरका जरा, दार दिसू दे!" गर्दी सरकली, पहिलं दार आलं, दुसरं आलं. त्या दुसऱ्या दारात जानकीची आई कॅमेऱ्याकडे बघत उभी होती. ती वारून बरीच वर्षं झाली. तिचा चेहरा पडद्यावरून गेलाच नाही. कॅमेरा पुढे सरकत होता, आणि दारांच्या जागी तिचा गाल सरकत होता. कुणीतरी अंगणातून चालत गेलं, तर त्याच्या पावलांनी तिचे डोळे ओढले गेले. नदी वाहत होती ती तिच्या कपाळावरून.

जानकी उठून उभी राहिली. हात जोडले. "आय," ती म्हणाली. एवढंच.

मी ओरडले, "दोन प्रती ठेवल्या होत्या ना?"

"दोन्ही हायत की. दोन्ही उघडतात," वहिनी म्हणाल्या. "पन फाईल हाय म्हंजे तीच फाईल हाय, असं नाय गो."

मग त्यांनी मला समजावलं. डिस्क जुनी झाली की आतला एखादा कण गुपचूप पालटतो. मोडतोड नाही, इशारा नाही. पेटीतली जुनी फाईल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडून ठेवायची पद्धत, दणकट; लाईट गेली तरी परत उठून उभी राहणारी. फाईलचं नाव, जागा, आकार ती नीट सांभाळते. आतला मजकूर पालटला तर मात्र तिला कळत नाही. दोन साक्षीदार, दोन वेगळ्या जबान्या, आणि मशीन म्हणतं दोघेही खरे.

त्यानंतर वहिनी नव्या फाईल सिस्टीमच्या मागे लागल्या. वाडीवर जेसीबी यायची वेळ आणि या इंटरनेटवर वाचत बसलेल्या. मी तडकले, "वहिनी, माणसं बेघर होतायत आणि तुम्ही डिस्कची जात बघताय!"

"जात नाय, सवय बघते," त्या म्हणाल्या. "तू भाषण करतेस ना, तेव्हा तुझ्याजवळ दाखवायला काय राहील ते बघते. बस. चहा घे."

दोन पद्धती त्यांनी निवडून काढल्या, बीटीआरएफएस आणि झेडएफएस. दोन्ही लिहितानाच प्रत्येक तुकड्याची खूण वेगळी काढून ठेवतात आणि वाचताना ती पडताळतात. एका डिस्कवरचा तुकडा जुळला नाही, तर दुसऱ्या डिस्कवरचा धड तुकडा आणून पहिला दुरुस्त करतात. कुठली घ्यायची ते ठरवायला वहिनींनी स्वतःच्याच लग्नाचा व्हिडिओ घेतला, एका डिस्कवर तो मुद्दाम खरवडला आणि बघत बसल्या.

"आमचं लगीन मोडलं तर मोडलं," डोळे मिचकावत म्हणाल्या, "आता कोन सोडचिठ्ठी देनार हाय!"

दोन्हींनी लग्न जोडून दिलं. वहिनींनी झेडएफएस घेतली. कारण विचारलं तर म्हणाल्या, तिचं बोलणं त्यांना स्पष्ट वाटलं; काय बिघडलं, कुठल्या डिस्कवर, ते सरळ सांगते. त्यासाठी नव्या डिस्क घेतल्या, मेमरी वाढवली. अधूनमधून रविवारी दुपारी मशीन स्वतःहून सगळ्या फाईली पहिल्यापासून वाचून पडताळतं, त्याला त्या हजेरी म्हणत. हजेरी चालू असताना खोलीत हळू बोलायचं. पेटीतून खर्रर्र, टक, खर्रर्र असा आवाज यायचा आणि वहिनी तोंडातल्या तोंडात म्हणायच्या, "आता पेनची लग्नं झाली असतील. आता खाडीपलीकडली." त्या लग्नांतली कितीतरी माणसं आता हयात नाहीत. हजेरी सगळ्यांची होते.

पण एक गोष्ट त्यांनी मला आधीच बजावली होती. "ह्यो आजपासून जपनार. आज तुटकं दिलंस तर तुटकंच जपेल, अगदी इमानदारीनं." जानकीच्या दोन्ही प्रती तुटक्याच आत गेल्या.

आमच्या संघटनेतल्या एकाने सुचवलं, शेजारच्या वाडीची दारं घ्या आणि बसवा मधे. विणलेल्या झापाची दारं सगळी सारखीच. वहिनींना दहा मिनिटांचं काम. वहिनी एवढ्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"दुसऱ्याचं दार जानकीला लावू? मिस्टरांनी एक दार सुटलं म्हनून परत नागोठण्याला फेरी मारलेली हाय. जी हाय ती दे. तुटकी हाय म्हनून सांग आनि दे."

तशीच दिली. आम्ही लेखी सांगितलं की फाईल मधे खराब आहे. सुनावणीत लावली. तारीख दिसली, दोन दारं दिसली, आणि मग त्या साहेबासमोर, पार्टीच्या वकिलासमोर, जानकीची आई सगळ्या पडद्यावर पसरली. पापणी लवली तिची. कुणीतरी दार उघडल्यासारखी मागची माणसं वळून बघायला लागली. जानकी पुन्हा उभी राहिली, हात जोडून. समोरचा वकील हसला. "साहेब, हे कॉम्प्युटरवर बनवलेलं आहे. भुताटकी पुरावा म्हणून चालते का?"

साहेबांनी व्हिडिओ बाजूला ठेवला आणि निकाल वाडीविरुद्ध गेला. जी एकमेव वस्तू कुणी बनवली नव्हती, ती बनावट ठरली. याला मी अन्याय म्हणते. दुसरा शब्द असेल तर सांगा.

वहिनींना हे सांगितलं. त्यांनी पेटीवर तळवा ठेवला. मग म्हणाल्या, "यांनी सीडी वाटल्या होत्या गो. घरोघर." त्या दिवसापासून त्यांनी फोन करायला सुरुवात केली. जुनी गिऱ्हाईकं, पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे. "आठवतंय का, कातकरवाडीतली हळद? जानकीची?" पावसाळाभर हेच चाललं होतं.

पावसाळा सरता सरता वहिनी गेल्या. दवाखान्यात नेलं, परत आल्या नाहीत.

त्यांच्या नणंदेने माझ्यासाठी घर उघडलं तेव्हा दुपार होती, रविवार. उंबऱ्यातच ती थबकली. "आत कोन हाय गो?" मागच्या खोलीतून खर्रर्र, टक, खर्रर्र आवाज येत होता. घराला कुलूप असताना पेटीने हजेरी सुरू केली होती. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो, संपेपर्यंत, एकमेकींचा हात धरून. मग आत गेलो, तर पडद्यावर अक्षरं होती: त्रुटी नाही. वाडीची तुटकी हळदही पेटीने वाचली होती, आणि जशी दिली तशीच आहे म्हणून पुढे गेली होती.

आम्ही अपील केलंय, निकाल व्हायचाय. चांगली प्रत मिळाली नाही तर वाडी जाईल.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते. जानकीच्या हळदीच्या सीडी नवऱ्याच्या गावाला गेल्या, पेणच्या पाहुण्यांकडे गेल्या, आणि गडबमधल्या ज्या घरांच्या शेतावर तिची आई लावणीला जायची त्या घरांतही गेल्या. त्यातली एक तुमच्या टीव्हीखाली असेल, कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत असेल, गाण्यांच्या जुन्या सीडींच्या गठ्ठ्यात असेल. मला तुमचा पाठिंबा नको, सहीही नको. उठा, शोधा, पुसू नका, लावून बघू नका. जशी आहे तशी आणून द्या.