छातीची सोनोग्राफी आणि तांब्याभर पाणी

छातीच्या सोनोग्राफीला पोटभर पाणी प्यावं लागत नाही. हे मला कळलं तेव्हा मी मूर्तिजापूरपासून अमरावतीपर्यंत लघवी अडवून धरलेली होती.

झालं असं, की आंघोळ करताना डाव्या छातीत बोराएवढी गाठ हाताला लागली. गावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "अमरावतीला जाऊन छातीची सोनोग्राफी करून घ्या." माझी आई अशाच गाठीने गेली होती. (तिने ती कुणाला दाखवलीच नव्हती.)

घरी सांगायचं कसं? त्या साली बोंडअळीने कपाशी खाल्ली होती आणि आमच्या ह्यांनी बोलणंच टाकलं होतं. गावात दोन घरी नको ते घडलेलं. घरच्या माणसाच्या डोक्याला ताप द्यायचा नाही, असं आम्हा बायकांचं न बोलता ठरलं होतं. दूध नासलं तरी आम्ही लपवायचो! म्हणून मी फक्त थोरल्या जाऊबाईंना सांगितलं. सोनोग्राफीचा त्यांना दांडगा अनुभव. (लेकीच्या आणि सुनेच्या बाळंतपणात त्याच सोबत गेल्या होत्या.)

"भेतं काहून?" जाऊबाई म्हणाल्या. "भावजीले सांगतो, माह्या गुडघ्याच्या इलाजाले चाललो म्हनून. तू फक्त पानी पे. पोटात पानी नसन त् मशीनमंदी काईच दिसत नाई!"

जाऊबाई घरातूनच लंगडत निघाल्या. इतक्या मन लावून लंगडल्या, की एसटीत एका म्हाताऱ्याने उठून त्यांना जागा दिली! बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

"पे वो."

"आता नाई जात, जाऊबाई."

"जीव प्यारा हाय का नाई? पे!"

जीव प्यारा होता. प्यायले. रस्त्यातला एकेक खड्डा थेट माझ्या पोटात येऊन बसू लागला. बडनेरा येईपर्यंत मी कॅन्सर साफ विसरले होते. बडनेऱ्याला तो आठवला, आणि मग रडू आणि लघवी दोन्ही एकदम आवरायची वेळ आली!

सेंटरमध्ये 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी मोठी पाटी होती. तिच्याखाली मी, पिकल्या केसांची, मांड्या आवळून बसलेली! शेजारच्या गरोदर पोरी माझ्याकडे बघून पदराआड हसत होत्या.

नंबर लागला. खोलीत अंधार. डॉक्टरीणबाईंनी ब्लाउज काढून उताणं झोपायला आणि डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगितलं. "थोडं गार लागेल हं," म्हणून त्यांनी छातीवर चिकट जेल ओतलं. मी किंचाळले.

"दुखलं का?"

"नाई बाई, पन लवकर करा! पानी लय झालं!"

"पाणी? कशाला प्यालात?"

"सोनोग्राफीले लागते नं?"

"अहो, ते पोटाच्या सोनोग्राफीला! छातीला काही लागत नाही. जा, आधी जाऊन या."

जाऊन आले. (त्या सुखाचं वर्णन इथे करणं बरं दिसणार नाही.) पण पोट मोकळं झालं तशी भीतीला ऐसपैस जागा मिळाली. पुन्हा आडवी झाले. दुखत काहीच नव्हतं. बाई हातातलं यंत्र छातीवरून सावकाश फिरवत होत्या. गाठीवर आल्यावर ते थांबलं, थोडं दाबलं गेलं. पडद्यावर एक काळा गोल. मला खूप भीती वाटली. आईलाही अशीच वाटली असेल, आणि ती एकटी होती.

"सांगा नं बाई. माही माय याच्यातच गेली."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "हे काळं दिसतंय ना, ते पाणी आहे. पाण्याची गाठ. हा कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवून जा."

मी तिथेच रडले. जेल पुसलेल्या कागदानेच डोळे पुसले, त्यामुळे ते चिकटले. दाराशी थांबलेल्या जाऊबाईंनी मला तशीच हात धरून बाहेर नेलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"पाह्य! पानी पेली म्हनून पान्याची निंघाली! नाईत् कशाची निंघाली असती, कोन जाने!"

घरी पोचलो. हे ओट्यावर बसलेले. जाऊबाईंना एकदम आठवण झाली आणि त्या लंगडू लागल्या.

"वैनी," हे म्हणाले, "सकाळी त् उजवा पाय लंगडत होता."

जाऊबाईंनी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला काही राहवलं नाही. गाठीपासून खड्ड्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"मले काहून नाई सांगतलं?" हे भडकले. "मी काय मेलो होतो?"

तो शब्द निघाला आणि ह्यांनीच जीभ चावली. मग हळूच विचारलं, "मंग तू मूर्तिजापूरपासून धरूनच होती?"

आणि हसायला लागले! कपाशी गेल्यापासून पहिल्यांदा. जाऊबाई हसल्या, मी हसले, रडलेही.

तेव्हापासून छातीच्या सोनोग्राफीला पाणी लागत नाही, हे मी गावातल्या प्रत्येक बाईला बजावून सांगते. सहा महिन्यांनी पुन्हा जायचं होतं, तेव्हा हे स्वतः सोबत निघाले. आणि खरं सांगू? हे चपला घालत होते तेवढ्यात मी मागच्या दारी जाऊन तांब्याभर पाणी ढोसून आले. गाठ पाण्याचीच राहिलेली बरी!